बांधाच्या आतलं पाणी : क्वाटर्नियनच्या एका पुस्तकाचं खारेपाटातून केलेलं वाचन

क्लाउस ग्युर्लेबेक आणि वोल्फगांग श्प्रोसिग यांचं 'क्वाटर्नियॉनिक ॲनॅलिसिस अँड एलिप्टिक बाउंडरी व्हॅल्यू प्रॉब्लेम्स' हे पुस्तक बिर्कहॉयझरने १९९० साली काढलं. पुस्तक जाड नाही. गणिताच्या बाहेर त्याचं नाव कुणी ऐकलेलं असण्याची शक्यताही नाही. मग साहित्याच्या वेबनियतकालिकात त्याच्यावर का लिहायचं? एक कारण असं, की गणिताचं पुस्तकही शेवटी पुस्तकच असतं. तेही वाचकाला काहीतरी कबूल करतं, काही गोष्टी ठळक छापतं आणि काही गोष्टी 'पुरेशी गुळगुळीत सीमा असलेला प्रदेश घ्या' अशा एका वाक्यात उरकून टाकतं. आपल्याकडे कादंबरीच्या अशा जागा दाखवणारी समीक्षा आहे. सिद्धान्ताच्या पुस्तकाची मात्र फक्त ओळख करून देतात, आणि तीही हात जोडून.

दुसरं कारण पेण तालुक्याचा खारेपाट. या पुस्तकाचा विषय एका ओळीत सांगायचा तर असा : कडेवर काय चाललंय ते माहीत असेल, तर आत काय चाललंय ते काढा. शिर्की-वडखळच्या पट्ट्यात शेती करणाऱ्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. बांधाच्या एका अंगाला धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला भात, आणि मधे मातीची भिंत. उधाणाला खाडीचं पाणी चढतं, भांगाला उतरतं. पाणी बांधावरून आलं तर डोळ्यांना दिसतं. बांधातून येतं ते दिसत नाही. दिसतं तेव्हा बांधाला खांड पडलेली असते, खारं पाणी शेतात असतं, आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत धड पीक येत नाही. हे बांध घालण्याची आणि राखण्याची व्यवस्था इथे जुनी आहे. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये शिलोत्री जमिनींचे उल्लेख येतात. नंतर १९४८चा खार जमीन कायदा आला, १९७९चा खारभूमी विकास कायदा आला. बांध शासकीय की खासगी, डागडुजी कुणी करायची, यावरचे वाद या सगळ्यांतून चालत आलेले आहेत. 'सीमामूल्य प्रश्न' हा शब्द मराठीत कुणी आणला ते राहू द्या. ज्या भाषेत 'बांध' या एका शब्दात पाणी अडवणं, हद्द आखणं आणि भावकीचं भांडण अशा तिन्ही गोष्टी मावतात, तिला या विषयाचं वावडं असायचं कारण नाही.

आता पुस्तकाचा दावा नीट मांडायला हवा, नाहीतर टीका हवेत जाईल.

मातीतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम हेन्री दार्सीने १८५६ साली दिला : पाण्याचा वेग हा दाबपातळीच्या उताराच्या प्रमाणात असतो. माती सगळीकडे सारखी असेल आणि पाणी स्थिरपणे वाहत असेल, तर त्या वेगाला दोन अटी लागू होतात. आत कुठेही पाणी निर्माण होत नाही किंवा नाहीसं होत नाही, म्हणजे डायव्हर्जन्स शून्य. आणि पाणी आतल्या आत गोल फिरत नाही, म्हणजे कर्ल शून्य. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ही दोन समीकरणं दोन वेगवेगळ्या व्याख्यानांत येतात आणि बहुतेकांच्या डोक्यात कायमची वेगवेगळीच राहतात.

क्वाटर्नियनमध्ये ती एक होतात. विल्यम रोवन हॅमिल्टनला १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनच्या ब्रूम पुलाजवळ चालताना सुचलेली ही संख्याव्यवस्था. एका वास्तव घटकाच्या जोडीला आय, जे, के असे तीन काल्पनिक घटक. प्रत्येकाचा वर्ग उणे एक. आणि गुणाकारात क्रम बदलला तर उत्तर बदलतं. दोन शुद्ध सदिश क्वाटर्नियन एकमेकांना गुणले की उत्तरात एकाच वेळी उणे चिन्हाचा डॉट गुणाकार आणि क्रॉस गुणाकार मिळतो. पुढे गिब्ज आणि हेविसाइड यांनी हे दोन भाग तोडून वेगळे केले, आणि आपण कॉलेजात शिकतो ते सदिश गणित तयार झालं. (तीस-चाळीस वर्षांपूर्वी क्वाटर्नियन परत आले ते मागच्या दाराने, संगणकाच्या पडद्यावरच्या वस्तू फिरवण्यासाठी. केन शूमेकचा १९८५चा लेख त्याची सुरुवात मानतात. माझ्या पिढीच्या बहुतेक प्रोग्रामरना क्वाटर्नियन म्हणजे गेम इंजिनमधले चार आकडे एवढंच माहीत असतं. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यातली गणपतीची मूर्ती स्कॅन करून पडद्यावर गरगर फिरवायची, तर तेच चार आकडे लागतात. पण ते क्वाटर्नियनचं फार किरकोळ काम आहे.)

विकलनाची तीन चिन्हं आय, जे, के यांना जोडून एक क्रियक बनवला, तर तो वेगावर चालवल्यावर एकाच उत्तरात उणे डायव्हर्जन्स आणि कर्ल दोन्ही येतात. म्हणजे बांधातल्या पाण्याचा नियम एवढाच उरतो : या क्रियकाचं उत्तर शून्य. हाच क्रियक दोनदा चालवला की उणे लाप्लासियन मिळतो. लाप्लास समीकरणाचं वर्गमूळ मिळालं म्हणा ना. रोमानियाच्या मोइसिल आणि तेओदोरेस्कू यांनी १९३१ साली त्रिमितीय अवकाशासाठी हे मांडलं, झुरिकच्या रुडॉल्फ फ्यूटरने १९३०च्या दशकात चार चलांसाठी सिद्धान्त उभा केला. त्यात कोशीच्या सूत्राचं त्रिमितीय रूप हाती येतं : बांधाच्या सगळ्या पृष्ठभागावर वेग माहीत असेल, तर आतल्या कुठल्याही बिंदूवरचा वेग एका इंटिग्रलने निघतो. त्या इंटिग्रलच्या पोटात जे फल आहे ते काही विचित्र नाही. न्यूटन-कूलोमचा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियमच तो, क्वाटर्नियनच्या वेषातला.

हे पहिल्यांदा समजतं तेव्हा माणूस भारावतो, आणि भारावायलाच हवं. पुस्तकाची पहिली काही प्रकरणं या भारावलेपणावर चालतात. पण याच जागी वाचकाने थांबून एक प्रश्न विचारायला पाहिजे, जो पुस्तक फार हळू आवाजात विचारतं : पृष्ठभागावरचा वेग आपल्याला माहीत असतो का?

नसतो. खाडीच्या अंगाला आपल्याला पाण्याची पातळी माहीत असते. तळाशी घट्ट चिकणमाती असेल तर तिच्यातून पाणी आरपार जात नाही एवढं, म्हणजे वेगाचा एक घटक, माहीत असतो. तिन्ही घटक कुठेच माहीत नसतात. आणि मनाला येईल ते तीन घटक पृष्ठभागावर लिहून सूत्रात टाकले, तर आत निघणारं उत्तर परत पृष्ठभागाशी आल्यावर त्या आकड्यांशी जुळेलच असं नाही. कोशीचं सूत्र सांगतं की कड आतल्याला ठरवते. कडेवर काय लिहायची मुभा आहे, हे ते सांगत नाही. खरा प्रश्न तिथेच आहे.

पुस्तकाचा खरा मोठेपणा यानंतर सुरू होतो. लेखक सगळ्या वर्गसमाकलनीय फलांच्या अवकाशाचे दोन लंबरूप भाग करतात. एका भागात क्रियकाने शून्य होणारी फलं. दुसऱ्या भागात कडेवर शून्य असलेल्या फलांवर क्रियक चालवून मिळणारी फलं. पहिल्या भागावरचा प्रक्षेप पी, दुसऱ्यावरचा क्यू. क्रियकाचा उलटा तो टी, तेओदोरेस्कूच्या नावाचा. मग कडेवर शून्य असलेल्या प्वासाँ समीकरणाचं उत्तर तीन अक्षरांत लिहिता येतं : टी, क्यू, टी. आधी टी चालवा, मग क्यूने गाळा, मग पुन्हा टी. पडताळाही दोन ओळींचा आहे. या उत्तरावर क्रियक एकदा चालवला की बाहेरचा टी जातो. दुसऱ्यांदा चालवला की पी-कडचा भाग शून्य होतो आणि मूळ उजवी बाजू उरते. याच साच्यात लेखक पुढे लवचिक पदार्थांची समीकरणं, स्टोक्सचा प्रवाह आणि स्थिर नेव्हिए-स्टोक्स समीकरणं बसवतात. शेवटच्या बाबतीत तर पायरी-पायरीने उत्तराकडे जाण्याची पद्धत कधी नक्की पोहोचेल याची अटही मिळते : द्रवाच्या चिकटपणाच्या मानाने बाहेरचं बल लहान असलं पाहिजे. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडेमोड संपली की 'कन्व्हर्ज्ड' असा शब्द उमटतो आणि मीटिंग पुढे सरकते. तो शब्द कुठल्या हमीवर उमटला हे कुणी विचारत नाही. हे पुस्तक ती हमी लिहून देतं. या एका गोष्टीसाठी ते माझ्या धंद्यातल्या माणसांनी वाचावं असं मी म्हणेन.

तरीही टी-क्यू-टी हे सूत्र पाहून जो आनंद होतो, त्याच्याकडे संशयाने बघायला हवं. क्यू कसा काढायचा? क्यू म्हणजे एकातून पी वजा. आणि पी लिहायचा तर मधे एका सीमाक्रियकाचा व्यस्त लागतो, म्हणजे सगळ्या पृष्ठभागावर पसरलेलं एक इंटिग्रल समीकरण सोडवावं लागतं. मूळ प्रश्नाची अडचण कुठे गेली नाही. ती घडी घालून क्यूच्या खिशात ठेवली आहे. याला लबाडी म्हणता येणार नाही. गणितात चांगलं अंकन बऱ्याचदा हेच करतं आणि त्याचा विचार करायला उपयोग होतो. पण 'सोडवलं' हा शब्द कोण कुठल्या अर्थाने वापरतंय ते ओळखायला हवं. गणितज्ञ म्हणतो सोडवलं, तेव्हा उत्तर आहे, एकच आहे आणि ते या क्रियकांनी लिहिता येतं, असं त्याला म्हणायचं असतं. बांधावर उभ्या असलेल्या माणसाचं 'सोडवलं' वेगळं असतं.

हिशेबच मांडू. पृष्ठभागावर १०,००० बिंदू घेतले. नेहमीच्या सीमा-घटक पद्धतीत प्रत्येक बिंदूवर एक अज्ञात, म्हणजे १० कोटी आकड्यांचं कोष्टक, साधारण ०.८ जीबी. क्वाटर्नियनमध्ये प्रत्येक बिंदूवर चार अज्ञात. सरळसोट साठवलं तर १६० कोटी आकडे, १२.८ जीबी. गुणाकाराची रचना ओळखून हुशारीने साठवलं तर सोळापटीऐवजी चौपट, ३.२ जीबी. पोटातलं फल व्यस्त-वर्गाचं असल्यामुळे ग्रीनगार्ड आणि रॉखलिन यांची १९८७ची वेगवान बहुध्रुव पद्धत वापरून सगळं कोष्टक साठवणं टाळताही येतं. पण तीच सवलत साध्या पद्धतीलाही मिळते. या चौपटीच्या बदल्यात काय मिळतं? वेग थेट मिळतो, पातळी काढून तिचा उतार घ्यावा लागत नाही. हा फायदा खरा आहे, कारण बांध पातळीने फुटत नाही. आतल्या अंगाला बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जोर मातीचे कण उचलायला पुरेसा झाला की फुटतो.

इथे एका भारतीय पुस्तकाची आठवण निघायलाच हवी. अयोध्यानाथ खोसला यांनी बोस आणि टेलर यांच्यासोबत १९३६ साली 'डिझाइन ऑफ वेअर्स ऑन पर्मिएबल फाउंडेशन्स' लिहिलं. देशातल्या कुठल्याही स्थापत्य अभियंत्याला विचारा, खोसलांचे आलेख त्याने परीक्षेत काढलेले असतात. पाणी बाहेर पडतानाचा उतार, एक्झिट ग्रेडियंट, ही या पुस्तकाची मध्यवर्ती चिंता. त्याच्यामागचं गणित संमिश्र संख्यांचं आहे : बंधाऱ्याचा काटकोनी छेद कॉन्फॉर्मल मॅपिंगने सरळ रेषेत उलगडायचा, सोप्या जागी उत्तर लिहायचं, परत गुंडाळायचं. अवघड आकाराचं सोप्या आकारात रूपांतर, ही संमिश्र विश्लेषणाची खरी जादू.

क्वाटर्नियन विश्लेषणाची ओळख करून देताना सर्रास म्हणतात की हा संमिश्र विश्लेषणाचा त्रिमितीय विस्तार आहे. हे अर्धंच खरं आहे, आणि राहिलेल्या अर्ध्याबद्दल हे पुस्तकही फार बोलत नाही. ल्यूव्हिलने १८५० सालीच दाखवलं होतं की तीन मितींत कोन जपणारी रूपांतरं म्हणजे सरकवणं, फिरवणं, मोठं-लहान करणं, गोलात उलटवणं आणि यांची मिश्रणं, बस. उघाडीचा आकार सरळ करून देईल असं काही नाही. इकडे क्वाटर्नियनच्या बाजूनेही तेच. भागाकाराच्या मर्यादेने विकलज काढायचा म्हटलं तर केवळ एकघाती फलं उरतात. सडबरीने १९७९च्या निबंधात हे फार स्वच्छ लिहिलं आहे. म्हणून फ्यूटरची व्याख्या घ्यायची, तर त्या व्याख्येत दोन चांगल्या फलांचा गुणाकार चांगला राहत नाही. चल स्वतःसुद्धा चांगलं फल ठरत नाही! म्हणजे कोशीचं इंटिग्रल तीन मितींत आलं, पण ज्या बीजगणितावर खोसलांची युक्ती उभी होती ते अलीकडच्या काठावरच राहिलं.

मग उघाडीपाशी काय होतं? खारबांधात भरती-ओहोटीप्रमाणे पाणी सोडण्या-अडवण्यासाठी जी उघाडी असते, तिचं बांधकाम मातीला जिथे भिडतं तिथे कोपरे असतात. खोसलांच्या पुस्तकात स्पष्ट आहे की खालच्या टोकाला उभी आडभिंत नसेल तर तिथला एक्झिट ग्रेडियंट गणितात अनंत होतो. म्हणजे धोका कोपऱ्यात आहे. आणि ग्युर्लेबेक-श्प्रोसिग यांची प्रमेयं प्रदेशाची सीमा पुरेशी गुळगुळीत धरून चालतात. जिथे बांध फुटायची भीती सर्वात जास्त, नेमकं तिथेच प्रमेय हात काढून घेतं. या पुस्तकावरचा माझा मुख्य आक्षेप हाच. तो १९९०च्या पुस्तकावर आहे, विषयावर नाही हेही सांगायला हवं. कॉइफमन, मॅकिंटॉश आणि मेयर यांनी १९८२ मध्ये खडबडीत वक्रांवरच्या कोशी इंटिग्रलचा प्रश्न सोडवला होता, आणि पुढे मॅकिंटॉश आणि इतरांनी क्लिफर्ड बीजगणित वापरून तो वरच्या मितींतल्या कोपरेदार पृष्ठभागांवर नेला. क्वाटर्नियनचा वंश तिथे खरंच कामी आला. पण तो रस्ता संगणकावर चालवायच्या पद्धतींकडून जात नाही, आणि ज्यांना पद्धती हव्यात त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप सीमाअटींच्या प्रकारावर. पुस्तकाचा भर डिरिक्ले प्रकारावर आहे : सगळ्या कडेवर मूल्य दिलेलं. खारबांधाची कड मात्र मिश्र असते. खाडीकडे पातळी दिलेली, तळाला प्रवाह शून्य, शेताकडे पाणी जिथे पाझरून बाहेर येतं तो पट्टा किती उंच हेच ठाऊक नाही. आणि बांधाच्या पोटात ओल्या-कोरड्या मातीमधली जी सीमा, ती स्वतःच अज्ञात. तिच्यावर दोन अटी लागतात, दाब शून्य आणि आरपार प्रवाह शून्य, आणि या दोन्ही पाळता पाळता ती स्वतःची जागा शोधते. कड दिलेली आहे, आत काय ते काढा, असा हा प्रश्न राहतच नाही. कडसुद्धा उत्तराचाच भाग होते. माती एकसारखी नसणं ही तिसरी गोष्ट, पण तिथे वाट आहे : व्लादिस्लाव क्राव्चेंकोने २००३च्या 'अप्लाइड क्वाटर्नियॉनिक ॲनॅलिसिस'मध्ये बदलत्या गुणांकांची समीकरणंही अशीच फोडून दाखवली आहेत. अर्थात गुणांक हळूहळू बदलत असेल तर. खेकड्याचं बीळ हा हळूहळू बदलणारा गुणांक नव्हे.

पेणहून रोह्याला आलं की प्रश्नाची जातच बदलते, आणि या पुस्तकाची मर्यादा वेगळ्या बाजूने दिसते. कुंडलिकेचं पाणी वरून ठरतं भिऱ्याच्या वीजकेंद्रावर. मुळशीच्या धरणातलं पाणी घाट उतरून टाटांच्या जनित्रांतून जातं आणि मग नदीत येतं. कोलाडला राफ्टिंगच्या वेळा त्या सोडण्यावर बेतलेल्या असतात. खालून ठरतं रेवदंड्याच्या खाडीतून चढणाऱ्या भरतीवर. म्हणजे या नदीला एका टोकाला माणसाने आखलेलं वेळापत्रक आहे आणि दुसऱ्या टोकाला साधारण साडेबारा तासांचं चंद्राचं. यापेक्षा देखणा सीमामूल्य प्रश्न पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम बनवूनही मिळणार नाही. पण तो एलिप्टिक नाही. एलिप्टिक प्रश्नात कडेवरच्या प्रत्येक बिंदूचा परिणाम आतल्या प्रत्येक बिंदूवर एकाच वेळी होतो, तिथे वाट बघणं नसतं. भिऱ्याला सोडलेलं पाणी रोह्याला पोहोचायला वेळ लागतो. वेळेचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर एक एलिप्टिक प्रश्न सोडवत जाता येतं, आणि संथ, चिकट प्रवाहाला ते शोभतंही. लाट म्हणून येणाऱ्या पाण्याला ते ओढूनताणून होतं. ज्याच्या हातात क्वाटर्नियन आहे त्याने इथे ते खाली ठेवावेत हे बरं.

श्प्रोसिग फ्रायबर्गच्या खाण अकादमीत शिकवत. १७६५ साली स्थापन झालेली ही संस्था खाणी, खडक आणि त्यांतून येणारं पाणी यांच्यावर उभी आहे. पुस्तकात एखादं प्रकरण ओल्या मातीचं असेल, अशी अपेक्षा त्या पत्त्यावरून मला उगाच होती. तसं प्रकरण नाही. जाळीवरच्या सुट्या बिंदूंसाठी या सगळ्या सिद्धान्ताची प्रतिकृती उभारणारं प्रकरण मात्र आहे, आणि माझ्या मते पुस्तकातलं ते सर्वात कमी वाचलं जाणारं आणि सर्वात उपयोगी प्रकरण. विकलनाच्या जागी फरक घ्यायचे, तरीही क्रियकाचा वर्ग हा जाळीवरचा लाप्लासियन यावा आणि टी, पी, क्यू यांची नाती अंदाजे नव्हे तर तंतोतंत टिकावीत, ही तिथली धडपड आहे. संगणकाला जे समजतं तिथेच सिद्धान्त पुन्हा नव्याने मांडायचा. जाळीला गुळगुळीतपणाची गरज नसते, कोपरा हा तिथे इतर बिंदूंसारखाच एक बिंदू. शिर्कीच्या बांधाचं वळण, त्यातली उघाडी, आणि आत-बाहेर सरकणारी ओलीची रेषा या तिन्ही गोष्टी घेऊन कुणी काम करायचं ठरवलं, तर त्याने पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून उघडावं आणि टी-क्यू-टीचं पान नंतर वाचावं.